बाहेर पडलेली ओळ

१

चित्रं गेली, आणि चित्रांच्या पाठोपाठ सूनबाईची अब्रू गेली.

चित्रं म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन. ज्या छोट्या दवाखान्यांना स्वतःची मोठी यंत्रणा परवडत नाही, त्यांची चित्रं ही कंपनी आपल्या मशीनवर सांभाळून ठेवायची. डॉक्टरांनी पेशंटचं नाव टाकलं की चित्र पडद्यावर हजर. शुक्रवारी दुपारी एका डॉक्टरीणबाईंनी नाव टाकलं आणि पडदा कोराच राहिला. त्यांचा फोन येतो न येतो तोच दुसऱ्या दवाखान्याचा आला, मग तिसऱ्याचा. दिवस मावळेपर्यंत कळून चुकलं की जुनी चित्रं सगळी जागेवर आहेत, पण गेल्या काही आठवड्यांतलं एकही उरलेलं नाही.

गुन्हेगार मात्र चित्रांपेक्षा लवकर सापडला. टीमचे प्रमुख, ज्यांना झाडून सगळे दादा म्हणत, त्यांनी संध्याकाळच्या आत सगळ्यांना मेल पाठवून दिला. आपल्या एका सहकारी मुलीने चुकीचा हुकूम चालवून चित्रं पुसली, असं त्यात मुलीच्या नावानिशी लिहिलं होतं. आणि वर शेवटची ओळ, की या कठीण काळात आपण सगळे तिच्या पाठीशी उभे राहू.

ती मुलगी म्हणजे सूनबाई. टीममध्ये सगळ्यात शेवटी आलेली, म्हणून थट्टेत पडलेलं नाव. पण घरात भांडं फुटलं की आधी नव्या सुनेकडे बघायची खोड काही लोकांची जात नाही, ते ती ऑफिसातही बरोबर घेऊन येतात.

सोमवारी सकाळी कंपनीच्या मालकिणीने बाहेरून तपासनीस बोलावली. असल्या संगणकी भानगडी उकलणं हाच तिचा धंदा. सगळे तिला नुसतं बाई म्हणत. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत, आणि राग कायम नाकावर. तिची सासू म्हणायची, आमच्या हिच्या रागावर दोन घरांचं पाणी तापेल.

मालकिणीने तिला समोर बसवून काम सांगितलं. संध्याकाळपर्यंत लेखी अहवाल हवा, मुलीच्या हातून चित्रं पुसली गेली एवढंच त्यात असलं तरी पुरे. मग मुलीला काढून टाकायचं, पोलिसांत तक्रार द्यायची आणि दवाखान्यांना तसं कळवायचं. वकिलांनी कागद तयारच ठेवले आहेत.

बाईंनी मेल वाचला होता. त्यांचं डोकं तिथेच फिरलं होतं.

"पाठीशी उभे राहिलेत हे खरंच," त्या म्हणाल्या. "धक्का द्यायला तिथूनच सोपं पडतं. निकाल लागलाच असेल तर मला कशाला बोलावलंत? शिक्का मारायला शिपाईही चालला असता."

बाईंनी मशीन बघायची परवानगी मागून घेतली, सगळीकडची, कुणाचाही कोपरा न वगळता.

२

सूनबाई एका काचेच्या खोलीत बसली होती. बाहेरून येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावून जायचा, आणि तिला तिथेच बसवायची अक्कल ज्याला सुचली त्याला बाईंनी मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. समोर फोन होता. कुणी चिडून फोन केला की हीच उत्तर देणार, अशी सोय दादांनी करून ठेवली होती. चूक जिची तिनेच निस्तरावी, म्हणजे शिकतं माणूस, असं त्यांचं म्हणणं.

तिने बाईंना सांगितलं की लोक ओरडतात त्याचं एवढं काही वाटत नाही. एक गृहस्थ मात्र ओरडलेच नाहीत. त्यांच्या मुलीचा कणा वाकत चालला होता. पट्टा लावायच्या आधीचा फोटो गेला, आता पट्ट्याने फरक पडतोय की नाही हे डॉक्टर कशाशी ताडून बघणार? ते फक्त विचारत होते, सापडेल ना हो? आणि तिने शोधते म्हणून सांगितलं होतं.

बाईंनी तिला पाणी दिलं आणि शुक्रवारी काय काय केलं ते सांगायला लावलं. इथे दोन शब्द समजून घ्यायला हवेत, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. हा सगळा प्रोग्राम मशीनवर मोकळा नसतो, तो एका कंटेनरमध्ये बंद असतो. ऑफिसात सगळे त्याला डबा म्हणत. डब्याला स्वतःचं आतलं घर असतं, आतल्या फायली वेगळ्या, बाहेरच्या वेगळ्या. आत काही करायचं तर बाहेर बसून 'एक्झेक' म्हणून हुकूम टंकायचा, तो आत जाऊन चालतो. आणि प्रोग्राम सुधारायचा झाला तर जुना डबा दुरुस्त करत नाहीत. तो थांबवून बाजूला ठेवतात आणि सुधारलेल्या साच्यातून कोरा डबा काढून कामाला लावतात. म्हणूनच चित्रांसारखी जपायची वस्तू डब्यात कधीच ठेवत नाहीत. ती डब्याबाहेरच्या कोठीत ठेवतात. डबे येतील-जातील, कोठी कायम.

सूनबाईने शुक्रवारी दोन कामं केली होती. एक्झेकने हुकूम देऊन चाचणीची चार खोटी चित्रं पुसली, आणि मग ठरल्याप्रमाणे डबा बदलला. पुसण्याच्या हुकमाची नोंद मशीनमध्ये होती. दादांनी बोट ठेवलं होतं ते त्यावरच. बाईंनी नोंद पाहिली. हुकूम साधा सरळ होता, चार नावं आणि चारच.

"यात चूक कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"मला नाही दिसली. पण मीच केलं असणार, बाई. सगळे म्हणतायत म्हणजे काहीतरी केलंच असेन ना मी."

बाईंचा संताप संताप झाला. शिकलीसवरली मुलगी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आणि लोकांनी सांगितलेलं खरं मानायला लागली होती. तीन दिवस एखाद्याला काचेत बसवून ठेवलं की तेवढं सहज साधतं.

त्यांनी विचारलं, थांबवलेला जुना डबा कुठे आहे? सूनबाई म्हणाली, असेल तिथेच. जुने डबे लगेच टाकत नाहीत, नव्यात काही बिघडलं तर परत फिरता यावं म्हणून काही महिने तरी ठेवतात. तिने पडद्यावर थांबवलेल्या डब्यांची यादी काढली. मागच्या बदलाचा, दीड महिन्यापूर्वीचा डबा होता, त्याच्या मागचा होता, त्याच्याही मागचा होता.

शुक्रवारचा नव्हता.

३

कोठी सांभाळायला एक वयस्क गृहस्थ होते, कोठीकाका. पंख्यांच्या घरघरीत, यंत्रांच्या थंड खोलीशेजारी त्यांचं टेबल. जागा द्यायची म्हटली की काकांचा जीव जायचा. ऑफिसात म्हणत, काकांकडून कोठीत वीतभर जागा मिळवण्यापेक्षा दगडातून तेल निघेल.

काका आज घुश्श्यात होते. दादांच्या मेलमध्ये एक टोमणा त्यांनाही होता, की बॅकअप नेहमीप्रमाणे अपुरे निघाले. काका म्हणाले की आयुष्यात बाकी काही जमलं नसेल, पण रोज रात्री कोठीची जशीच्या तशी नक्कल होते आणि सकाळी ती मी स्वतः ताडून बघतो. लेकी बोले सुने लागे असलं बोलणं मला कळतं, माझे केस उन्हात पांढरे झालेले नाहीत.

बाईंनी त्यांना हवं तेवढं रागावू दिलं. रागावलेल्या माणसाबद्दल त्यांना आपुलकीच वाटायची. मग त्यांनी गुरुवार रात्रीचा बॅकअप उघडायला सांगितला. त्यात पेशंटची नावं होती, बिलं होती, जुनी सगळी चित्रं होती, सूनबाईने शुक्रवारी पुसलेली चार खोटी चित्रंही होती. हरवलेलं चित्र एकही नव्हतं. बुधवारचा उघडला, तेच. आठवड्यामागचा उघडला, तरी तेच.

"काका, चित्रं शुक्रवारी पुसली म्हणता ना सगळे? मग गुरुवारच्या नकलेत ती असायला नकोत?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हा प्रश्न त्यांना पडला नव्हता असं नाही. पण तो मोठ्याने विचारला तर तुमचीच नक्कल अपुरी असं म्हणतील, या धास्तीने ते तीन दिवस गप्प बसले होते. ते ऐकून बाईंना त्यांचाही राग आला. एका मुलीचा गळा आवळला जात होता, आणि यांना आपल्या बॅकअपच्या इभ्रतीची पडली होती. त्यांनी ते तसं बोलूनही दाखवलं. काकांनी मान खाली घातली.

मग त्यांना आणखी एक आठवलं. महिन्याभरापूर्वी कोठी काठोकाठ भरत आली होती आणि इशाऱ्याचा भोंगा सारखा वाजायचा. काकांनी नवीन जागा घ्या म्हणून दादांना सांगितलं होतं. पुढे एक दिवस भोंगा आपोआप वाजायचा थांबला. काकांना वाटलं दवाखान्यांत गर्दी कमी झाली असेल. भोंगा थांबला याचाच आनंद इतका, की का थांबला हे त्यांनी पाहिलंच नाही.

बाई तिथेच स्टुलावर बसल्या. रोज नवी चित्रं येत होती, डॉक्टरांना ती दिसतही होती, पण कोठीत ती कधी पोचलीच नव्हती. जे कोठीत नव्हतंच ते कोठीतून पुसणार कोण?

"मग इतके दिवस ती होती कुठे?" काकांनी विचारलं.

४

दादा आले ते हसत, आणि बाईंसाठी कॉफीचा कप घेऊन. गोड बोलणं, वाढदिवस लक्षात ठेवणं, कुणाचं मूल आजारी असलं तर लवकर घरी पाठवणं, यात दादांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाईंनी कप घेतला आणि न पिता बाजूला ठेवला.

दादा म्हणाले की पोरगी वाईट नाही हो, घाईत चुकली. मी तर मालकिणीला सांगतोय की पोलिसबिलिस नको. बाईंनी कोठीचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले की जागेची काही अडचण नव्हती. या वर्षी नवीन जागा घ्यावी लागणार नाही, असं त्यांनीच मालकिणीला वर्षाच्या सुरुवातीला छातीठोकपणे सांगितलं होतं. काका उगाच घाबरट आहेत. आणि स्वतः ते आता मशीनला हातही लावत नाहीत, मीटिंगांतून डोकं वर निघेल तर ना.

"तिने डबा बदलताना काळजी घेतली असती, तर हे घडलं नसतं," ते शेवटी म्हणाले. "पण तरुण रक्त आहे, चालायचंच."

बाईंचे कान टवकारले. दादांच्या स्वतःच्या मेलमध्ये डबा बदलल्याचं अवाक्षरही नव्हतं. त्यात होतं ते पुसण्याच्या हुकमाबद्दल. चित्रं कोठीत आहेत असं मानणाऱ्या माणसाला डबा बदलण्याची भीती वाटायचं कारणच काय? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पण जिभेवरून सुटलेला शब्द म्हणजे पुरावा नव्हे. आतापर्यंत बाईंना एवढंच कळलं होतं की कुणीतरी कामावरच्या डब्यात शिरून, नवीन चित्रं कुठे ठेवायची ती एक ओळ बदलली, कोठीऐवजी डब्याच्या पोटातलीच जागा दिली. म्हणून भोंगा थांबला. म्हणून बॅकअपमध्ये चित्रं नाहीत. आणि डबा बदलल्याबरोबर चित्रं गेली, बदललेली ओळही गेली, कारण तीही त्याच डब्यात होती. नवीन डब्यात साच्यातली मूळ ओळ, अगदी स्वच्छ. डब्यात शिरलं की मशीन सगळ्यांना एकाच नावाने ओळखतं, त्यामुळे आत कोण गेलं होतं तेही सांगायची सोय नाही. गुन्हा आणि पुरावा एकाच डब्यात, आणि डबा गायब.

बाईंनी बराच वेळ खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत घालवला. मग त्यांनी एक रिकामा, निरुपयोगी डबा चालू केला आणि तिघांना एकेक करून बोलावलं. तिघांना एकच काम दिलं, या डब्यातल्या एका फाईलमध्ये एक ओळ लिहून दाखवा.

सूनबाईने आधी विचारलं, असं चालू डब्यात लिहू नये, साच्यात लिहू का? बाई म्हणाल्या, नको, इथेच लिही. तेव्हा ती एक्झेकने डब्याच्या आत शिरली, फाईल उघडली, ओळ लिहिली, वाचून बघितली आणि बाहेर आली.

कोठीकाकांनी बाहेरच फाईल तयार केली आणि नुसती आत ढकलली. ती आत पोचली की नाही हे त्यांनी दोनदा पाहिलं.

दादा खुर्चीत ऐसपैस बसले. म्हणाले, हल्लीची पोरं उठसूट आत शिरतात, आम्ही दारात उभं राहून हुकूम द्यायचो. त्यांनी एका दमात एकच ओळ टंकली. एक्झेक, डब्याचं नाव, लिहायचा मजकूर, पुढे बाणाचं चिन्ह आणि फाईलचं नाव.

"झालं," ते म्हणाले आणि उठले.

बाईंनी त्यांचे आभार मानले, दार लावून घेतलं आणि डब्यात पाहिलं. आतल्या फाईलमध्ये दादांचं एक अक्षरही नव्हतं. त्या खुर्चीत टेकल्या आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू त्यांना आलं. आता कुठे बघायचं ते त्यांना कळलं होतं.

५

दुपारी मालकिणीच्या खोलीत सगळे जमले. वकिलांचे कागद टेबलावर होते. सूनबाई दाराजवळची खुर्ची धरून बसली होती, उठून जायला सोपं पडेल अशी.

बाईंनी सरळ सुरुवात केली. चित्रं कोठीत नव्हती, हे त्यांनी बॅकअप दाखवून पटवलं. काकांच्या नकला अपुऱ्या असत्या तर चार खोटी चित्रं त्यांत कशी आली? नकला पूर्ण होत्या, कोठीतच चित्रं नव्हती. ती डब्याच्या पोटात साठत होती आणि डबा बदलला तेव्हा त्याच्याबरोबर गेली. पुसण्याच्या हुकमाचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

"म्हणजे डबा हिनेच बदलला ना?" मालकीण म्हणाली.

"बदलला. तिचं कामच होतं ते, आणि ठरल्याप्रमाणे केलं. कचऱ्याच्या पिंपात कुणी दागिने ठेवले, तर पिंप रिकामं करणारीला चोर म्हणायचं का?"

मग त्यांनी तिघांची परीक्षा सांगितली. दादांनी टंकलेली ओळ त्यांनी पुन्हा मोठ्या पडद्यावर टंकली. नवख्यांची ही ठरलेली चूक असते, आणि ज्यांचा हात बरीच वर्षं बसलेला नाही अशा जुन्यांचीही. आपण टंकलेली ओळ आधी बाहेरचं मशीन वाचतं. बाणाच्या पुढचं ते स्वतःसाठी ठेवून घेतं आणि उरलेलंच आत पाठवतं. आतला डबा मजकूर उच्चारतो, पण तो लिहिला जातो बाहेर, हुकूम देणारा जिथे उभा असेल तिथे. आत काहीच होत नाही. आणि बाहेर प्रत्येकाचा आपापला कोपरा असतो, तिथे पडलेल्या प्रत्येक फाईलवर मालकाचं नाव असतं. आत सगळ्यांचा चेहरा एक, बाहेर ज्याचा त्याचा.

"मी विचार केला, ज्याने डब्यातली ओळ बदलली त्याने पहिल्यांदा अशीच दारातून बदलायचा प्रयत्न केला असेल का? चुकला असेल, आत फरक पडला नाही हे बघून मग आत शिरला असेल. पण पहिली ओळ बाहेर पडलेली राहिली असेल. कुणाच्या कोपऱ्यात?"

त्यांनी दादांचा कोपरा उघडला. ढीगभर जुन्या, विसरलेल्या फायलींत एक छोटी फाईल होती, महिन्याभरापूर्वीची, भोंगा थांबला त्याच दिवसाची. फायलीवर दादांचं नाव होतं. आत एकच ओळ, नवीन चित्रं डब्यात ठेवावीत.

कोठीकाका पडद्याकडे बघत होते आणि त्यांच्या ओठांवर भोंगा, भोंगा असं काहीसं चाललं होतं.

दादांनी नाकारलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते मालकिणीकडे वळून हळू आवाजात म्हणाले की ते दोन दिवसांपुरतं केलं होतं. जागा पुरेल असं सांगून बसलो होतो, पुन्हा तोंड घेऊन यायची लाज वाटली. महिनाअखेर मागू असं ठरवलं आणि मग कामाच्या रगाड्यात विसरलो. माणूस आहे, होतं.

मालकिणीचा चेहरा सैल पडला. खरं सांगायचं तर बाईंचाही पडला असता. विसरणं माफ करता येतं. पण त्यांच्याकडे आणखी एक प्रश्न शिल्लक होता, आणि तो विचारताना त्यांचा नेहमीचा चढा आवाज एकदम खाली आला.

"दादा, शुक्रवारी पहिला फोन आला तेव्हा जुना डबा कुठे होता?"

६

बाईंनीच सांगितलं.

थांबवलेला डबा रिकामा होत नाही. जोवर कुणी तो टाकत नाही, तोवर पोटातलं सगळं पोटात राहतं. शुक्रवारी पहिला फोन आला तेव्हा एकूण एक चित्र त्या थांबवलेल्या डब्यात शाबूत होतं. तासाभराच्या कामात काढून कोठीत ठेवता आलं असतं. पहिल्या फोननंतर आणि दादांच्या मेलच्या आधी तो डबा टाकला गेला. डबा टाकल्याची वेळ मशीन लिहितं, कुणाच्या हाताने टाकला ते लिहीत नाही. त्या वेळी सूनबाई याच खोलीत मालकिणीसमोर उभी राहून बोलणी खात होती. आणि कोठीकाकांना डब्यात काही आहे याची गंधवार्ता नव्हती.

"साफसफाई म्हणाल, तर त्याहून जुने डबे सगळे जागेवर आहेत. टाकला तो एकच, त्याच दिवशी थांबवलेला. आत काय आहे हे ठाऊक असणाराच तो टाकेल, आणि ठाऊक एकालाच होतं. चित्रं बाहेर काढली असती तर ती आत कशी गेली हे सांगावं लागलं असतं. म्हणून लोकांची चित्रं गेली तरी चालेल, पोरगी गेली तरी चालेल."

सूनबाई खुर्चीवरून उठली. इतका वेळ तिला आपण निर्दोष आहोत एवढंच ऐकू येत होतं, हे आत्ता कुठे ऐकू आलं. दादा, म्हणाली ती. दादांनी हात पुढे केला, जणू ती बसावी म्हणून. ती बसली नाही.

मालकिणीने वकिलांचे कागद उचलून खणात टाकले आणि व्यवहाराचं बोलायला सुरुवात केली. झालं ते फार वाईट झालं. दादा घरगुती कारणासाठी राजीनामा देतील. दवाखान्यांना तांत्रिक बिघाड म्हणून कळवू, कुणाचंच नाव नको, त्यात कंपनीचं भलं आहे. सूनबाईची नोकरी आहेच, वर बढतीचंही बघू. शहाणी मुलगी आहे, समजून घेईल.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघाले होते, ते जमलं नाही तर आता सुळीवरच पडदा टाकायला निघाले. त्या म्हणाल्या की माझ्या अहवालात जे आहे ते आहे, त्यातला एक शब्द हलणार नाही. मालकीण म्हणाली, अहवाल माझ्या मालकीचा आहे, तो कुणाला दाखवायचा ते मी ठरवेन. कायद्याने ते बरोबर होतं.

उत्तर सूनबाईने दिलं.

"माझ्या नावाने मेल गेला, तेव्हा तो तांत्रिक बिघाड नव्हता," ती म्हणाली. "मला बढती नको. मी तीन दिवस फोनवर माफी मागतेय, न केलेल्या गोष्टीची. उरलेले फोन मी करणार नाही."

तिने टेबलावरचा फोन ओढून घेतला आणि एक नंबर फिरवला. तो तिला पाठ झाला होता. स्पीकर लावला आणि फोन दादांच्या पुढ्यात सरकवला.

मालकीण म्हणाली, हे काय चाललंय, ठेव तो. फोन कापायला तिने हात पुढे केला. कोठीकाका खुर्चीवरून उठले आणि मुकाट्याने फोन आणि तिचा हात यांच्या मध्ये येऊन उभे राहिले. तीन दिवसांत त्यांनी केलेलं हे पहिलं धाडस होतं.

पलीकडे रिंग थांबली. कणा वाकलेल्या मुलीचे वडील बोलत होते. मागे कुठेतरी टीव्ही चालू होता, तो त्यांनी कुणालातरी बारीक करायला सांगितला.

"हॅलो? बोला हो. सापडला का फोटो?"

दादांनी मालकिणीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, शेवटी सूनबाईकडे. तिची नजर हलली नाही.

"नाही," दादा म्हणाले. "नाही सापडणार. तो होता. शुक्रवारी दुपारपर्यंत आमच्याकडे होता. मी तो फेकून दिला."

पलीकडचा टीव्ही बंद झाला. सूनबाई तशीच उभी राहिली, आणि फोन कुणी ठेवला नाही.